हौदातल्या कासवांचा विणीचा हंगाम: मादीला आधी माती द्या

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बंगल्याच्या परसात ८ फूट लांब, ५ फूट रुंद हौद आहे, पाणी दोन फूट. त्यात सहा वर्षांपूर्वी आणलेली दोन कासवं आहेत, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली. फेब्रुवारीपासून लहान कासव मोठ्याच्या तोंडासमोर येऊन पुढच्या पायांची नखं थरथरवतं. मोठ्याने चार दिवसांपासून खाणं कमी केलंय. ते सारखं हौदाबाहेर येतं, कुंपणाच्या भिंतीला लागून फिरतं आणि कुंड्यांमागची माती मागच्या पायांनी उकरतं. ते आजारी आहे का, दोघांना वेगळं करावं का, आणि अंडी झाली तर ती उबवायची कशी?

आजारी असण्याची शक्यता कमी आहे. जे मोठं आहे ती मादी आहे, ती अंडी घालायला जागा शोधते आहे आणि तिला ती मिळत नाहीये. म्हणून खालचं सगळं नंतर सावकाश वाचा, पण एक काम आजच सुरू करा: तिला खणता येईल अशी माती द्या. लाल पट्ट्याच्या स्लायडर कासवाची मादी पाण्यात राहते, पण अंडी जमिनीतच घालते. चारी बाजूंनी फरशी, सिमेंट आणि हिरवळीचा घट्ट गालिचा असेल तर ती अंडी पोटात धरून ठेवते, आणि तिथूनच खरे प्रश्न सुरू होतात.

हौदाला लागून, दिवसातले चार-पाच तास ऊन मिळेल अशा बाजूला निदान ३ फूट बाय ४ फुटांचा वाफा करा. मातीची खोली एक फूट. मादीचा खड्डा १० ते १५ सेंटीमीटरच खोल असतो, पण खणताना फरशी, विटांचे तुकडे किंवा झाडाची मुळं पायाला लागली की ती खड्डा अर्धवट सोडते आणि दुसरीकडे सुरुवात करते. आवारात असे तीन-चार अर्धे खड्डे दिसले, तर तिला जमीन पसंत पडत नाहीये असं समजा. मातीसाठी पोयटा आणि वाळू निम्मी-निम्मी घ्या. नुसती काळी माती नको, ती ओली असताना पायाला चिकटते आणि सुकली की भेगाळते. मुरूम तिच्या नखांना दाद देत नाही. नुसत्या वाळूत खड्ड्याच्या कडा ढासळतात, कारण तिला तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, सुरईसारखा खड्डा करायचा असतो. नर्सरीतून आणलेली शेणखत घातलेली मातीही टाळा. ताजं खत गरम होतं, शिवाय त्यात मुंग्या आणि हुमणी असतात.

ओल किती हवी, हे मुठीने ठरवा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला की फुटावा. वरून झारी फिरवली की वरचा इंचभर भिजतो आणि खाली कोरडं ठणठणीत राहतं, ही नेहमीची चूक. आदल्या संध्याकाळी वाफा भरपूर भिजवा, रात्रभर मुरू द्या, सकाळी खुरपीने वीतभर खाली उकरून बघा. वळवाची सर पडून गेल्यावर माद्या खणायला बाहेर पडतात त्याचं एक कारण हेच, जमीन मऊ झालेली असते.

पाण्यातून वाफ्यावर जाण्यासाठी फळी लावा. चढ सौम्य हवा, म्हणजे फूटभर उंचीसाठी तीन फूट लांबी. वर काथ्याचं पायपुसणं खिळवा, म्हणजे नखं धरतील. फळीचं खालचं टोक वीतभर पाण्यात बुडालेलं असू द्या. ते पाण्याच्या पातळीलाच संपलं तर कासव फळीला टक्कर मारत राहतं, त्याला चढता येत नाही. पूर्ण आवाराभोवती दीड फूट उंच गुळगुळीत आडोसा हवा, पत्रा किंवा घोटलेली वीट. तारेची जाळी लावू नका. तिच्यात नखं अडकवून कासव चढतं, आणि कोपऱ्यात तर दोन्ही बाजूंना पाय देऊन सहज वर जातं, म्हणून कोपऱ्यांवर आतल्या बाजूला झुकलेली पट्टी टाका. फाटकाखालची फट मोजून घ्या. तुमच्या नराला तीन इंच पुरतात. जागेच्या शोधात निघालेली मादी निसर्गात शेकडो मीटर चालते. ती फाटकाबाहेर पडली तर परत येण्याची आशा फारशी नाही.

वाफा तयार व्हायला दोन-तीन दिवस लागणार असतील, तर तोवर अडीच-तीन फूट लांबीचा टब त्याच मातीने फूटभर भरा, अर्ध्यावर सावली करा आणि मादीला रोज सकाळी दोन-तीन तास त्यात एकटीला सोडा. तिच्याजवळ उभं राहू नका.

आता नर-मादीची खात्री. नराच्या पुढच्या पायांची नखं मादीच्या नखांपेक्षा स्पष्ट लांब असतात. त्याची शेपटी लांब आणि बुडाशी जाड असते, आणि शेपटीवरचं छिद्र पाठीच्या ढालीच्या कडेच्या बाहेर येतं. मादीची शेपटी आखूड असते, छिद्र ढालीच्या कडेच्या आतच राहतं, आणि पूर्ण वाढल्यावर ती नरापेक्षा बरीच मोठी होते, २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत. नर साधारण १० सेंटीमीटरला वयात येतो, मादीला १५ ते १८ सेंटीमीटरपर्यंत वाढावं लागतं. वयस्कर नर काळवंडतात, त्यांचा लाल पट्टाही पुसट होतो. त्याला बुरशी समजून औषध लावणारे पुष्कळ आहेत. ते करू नका.

नखं थरथरवणं म्हणजे नराचं प्रियाराधन. ते बघायला मिळतंय तर नीट बघा. नर मादीच्या पुढ्यात येतो, तोंडाला तोंड. पुढचे दोन्ही पाय ताठ पसरतो, तळवे बाहेरच्या बाजूला करतो आणि लांब नखं तिच्या गालांशी इतक्या झपाट्याने थरथरवतो की ती सुटी दिसत नाहीत, पाण्यात नुसती धूसर हालचाल दिसते. एक थरथर सेकंदभरही चालत नाही. तो थांबतो, तिच्याकडे बघतो, पुन्हा करतो. ती पुढे पोहत आली तर तोंड तिच्याकडेच ठेवून उलटा पोहत मागे सरकतो. मादी तयार असेल तर पोहणं थांबवून तळाशी बसते. मग तो मागून तिच्या पाठीवर येतो आणि चारी पायांची नखं ढालीच्या कडेत रुतवतो. मिलन पाण्याखालीच होतं, साधारण १० ते १५ मिनिटं. तयार नसेल तर ती तोंड उघडून त्याच्यावर धावते किंवा सरळ उन्हाच्या दगडावर जाऊन बसते. नुसती थरथर दिसली म्हणून मिलन झालं असं धरू नका. वयात न आलेली कासवंही एकमेकांसमोर हा प्रकार करतात, आणि दोन नरांत तो दबदब्यासाठीही चालतो.

या दिवसांत घाबरवणारा एक देखावा हमखास दिसतो. नराच्या शेपटीतून जांभळट-काळं, उमललेल्या फुलासारखं काहीतरी मोठं बाहेर येतं. ते आतडं नव्हे, त्याचं जननेंद्रिय आहे. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते आपोआप आत जातं. तासाभरानंतरही बाहेरच असेल, सुजलेलं किंवा रक्ताळलेलं असेल, तर नराला लगेच वेगळ्या स्वच्छ पाण्यात घ्या, नाहीतर मासे आणि दुसरं कासव त्याला चावे घेतात. तो भाग ओला ठेवा, हाताने आत ढकलू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

दोघांना वेगळं करावं का? तुमच्या बाबतीत, हो. हौद सुमारे २,२०० लिटरचा आहे. दोन कासवांना तो पुरतो, पण एक नर आणि एकच मादी असली की सगळा त्रास तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. अंड्यांनी भरलेल्या मादीला उन्हात बसायला, खायला आणि बाहेर पडायला मोकळीक हवी असते, आणि नर पाण्यात तिची वाट अडवतो. तिच्या मानेमागे, शेपटीवर किंवा मागच्या पायांवर चाव्याच्या खुणा दिसल्या, ती दिवसभर पाण्यात उतरेनाशी झाली, किंवा श्वासासाठी वर येताना नर तिच्यावर बसून तिला खाली दाबू लागला, तर क्षणभरही थांबू नका. असा नर मादीला बुडवू शकतो. हलवायचं ते नराला. लोक उलटं करतात, मादीला उचलून दिवसरात्र टबात ठेवतात, आणि तिने चार दिवसांत पाहून ठेवलेली जागा तिच्यापासून तुटते. नराला ४००-५०० लिटरच्या टाकीत ठेवा, तिथे ऊन आणि बसायला कोरडी जागा असू द्या. अंडी घालून झाल्यावर आणखी दोन आठवडे त्याला तिथेच राहू द्या.

मादीच्या पोटात अंडी आहेत की नाही, हे घरच्या घरी कळण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग वजनकाटा आहे. दर रविवारी, खाण्याआधी, टोपलीत ठेवून वजन घ्या आणि लिहून ठेवा. या जातीचं एक अंडं साधारण १० ग्रॅमचं असतं आणि एका वेळी बहुतेकदा ६ ते ११ अंडी असतात, कधी दोनच, तर कधी वीसच्या पुढे. म्हणजे खाणं कमी होऊनही वजन वाढत असेल आणि मग एका दिवसात ७०-१०० ग्रॅमने उतरलं, तर अंडी कुठेतरी घातली गेली आहेत, शोधा. मागच्या पायाच्या पुढच्या खळग्यात बोट घालून अंडी चाचपता येतात, हाताला गोट्यांसारखी लागतात. पण सवय नसेल तर हा उद्योग करू नका. दाबलं गेलं आणि आत अंडं फुटलं तर जीवावर बेतू शकतं. शंका असेल तर एक्स-रे काढा. कवच धरलेली अंडी त्यात मोजता येतात, आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातलं यंत्रही त्याला चालतं.

खणणं सुरू झालं की निदान दहा-बारा फूट लांब बसा, खाली बसा, आणि तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका. कासवाला हालचाल फार लवकर दिसते. पहिलं अंडं पडेपर्यंत ती कुठल्याही क्षणी उठून जाऊ शकते. आधी ती माती हुंगत, नाक जमिनीला टेकवत फिरते. जागा ठरली की पुढचे पाय रोवते आणि त्यानंतर ते हलवत नाही. सगळं काम मागच्या पायांचं. उजवा पाय खाली जातो, पंजा ओंजळीसारखा वळवून माती वर आणतो, बाजूला टाकतो, मग डावा. ती मागे वळून एकदाही बघत नाही. माती कडक लागली की मूत्राशयातलं पाणी सोडून ती भिजवते, म्हणून वाफ्यावर मध्येच ओला डाग दिसला तर काळजी नको. मग एकेक अंडं पडतं, आणि प्रत्येक अंडं ती मागच्या पायाने हळूच तळाशी सरकवते. अंडी लांबट असतात, तीन-साडेतीन सेंटीमीटरची, गुलाबीसर पांढरी, कवच किंचित लवचिक. शेवटी माती ओढून घेते आणि पोटाच्या ढालीने थापून जागा अशी सपाट करते की दहा मिनिटांनी तुम्हालाही ती सापडत नाही. ती पाण्याकडे वळली की लगेच तिथे काडी रोवा. सगळ्याला एक ते तीन तास लागतात. या काळात तिला उचलणं, फ्लॅश मारणं, बॅटरीचा झोत टाकणं, शेजारच्या मुलांना जवळ बोलावणं, काहीही नको. मुलांना खिडकीतून दाखवा, दुर्बीण द्या. बारा फुटांवरून दुर्बिणीतून नखांतली माती दिसते.

एकदा अंडी घातली म्हणजे हंगाम संपला असं नाही. दोन ते पाच आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा घालू शकते, एका हंगामात दोन-तीन वेळा, कधी त्याहून जास्त. वाफा पावसाळ्यापर्यंत मोडू नका.

आता कुठे घाबरायचं. एक-दोन आठवडे अस्वस्थ फिरणं, अर्धवट खड्डे, खाणं कमी, पण चाल तरतरीत आणि डोळे उघडे, हे चालण्यासारखं आहे. चांगली माती देऊनही दोन आठवड्यांत अंडी नाहीत. दोन-तीन अंडी घालून ती थांबली आणि दोन दिवस कुंथते आहे. शेपटीतून रक्त किंवा घाण वासाचा स्राव. मागचे पाय ओढत चालणं. डोळे मिटून पडून राहणं. पाण्यात एका कुशीवर तरंगणं. यातलं एकही दिसलं तर ती अडली आहे किंवा दुसरं दुखणं आहे. कासवांवर इलाज करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. आधी एक्स-रे, मग कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिन (अंडी बाहेर ढकलायला कळा आणणारं इंजेक्शन), हा नेहमीचा क्रम. कासवांत ऑक्सिटोसिन चांगलं लागू पडतं, पण अंडं वाजवीपेक्षा मोठं असेल, वेडंवाकडं असेल किंवा वाटेत फुटलं असेल तर त्याच इंजेक्शनने आतून इजा होते. म्हणून एक्स-रेशिवाय ते देऊ नये, आणि औषधाच्या दुकानातून आणून घरी तर कधीच नाही. अडण्याची कारणं बहुतेक तीनच असतात: खणायला जागा नाही, कॅल्शियम कमी, किंवा सारखा त्रास. तिन्ही तुमच्या हातातली आहेत.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा हौदात तरंगता सोडा, ती हवा तेव्हा कुरतडते. त्याच्या पाठीचा कडक पापुद्रा आधी सोलून काढा. पण सूर्यप्रकाशाशिवाय हे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि काचेतून किंवा पॉलिकार्बोनेटच्या छपरातून आलेलं ऊन त्यासाठी कामाचं नाही. खाण्यात कासवांच्या गोळ्या थोड्याच द्या आणि पाला भरपूर: अझोला, जलपर्णी, मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला. पालक आणि अळू नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकतं. आठवड्यातून एकदा काट्यांसकट छोटा ताजा मासा. सुकट आणि जवळा खारट असतो. आपल्याकडे कासवांचं खाणं म्हणून तोच विकला जातो, तरी त्यावर मादी पोसली जात नाही. दूध-पोळी, पाव, भात बंद.

पाण्याचं तापमान २४ ते २९ अंश ठीक. पुण्यात एप्रिलमध्ये दोन फूट पाणी दुपारी ३२ च्या वर जाऊ शकतं, म्हणून निम्म्या हौदावर हिरवी जाळी टाका. नागपूर-अकोल्याकडे पाणी तीन फूट खोल असलेलं बरं.

तिसरा प्रश्न अंडी उबवण्याचा, आणि इथे उत्तर स्पष्ट आहे: उबवू नका. हे कासव आपलं नाही, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं आहे. दुकानात ते दोन इंचांचं असताना शुभ म्हणून विकलं जातं, आणि मादी ताटाएवढी होते, ३० वर्षं जगू शकते, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. तुमची एक मादी वर्षाला वीसेक अंडी सहज देईल. त्यातली निम्मी पिल्लं जगली तरी दोन वर्षांत वीस कासवं, आणि पूर्ण वाढलेल्या प्रत्येकाला ३००-४०० लिटर पाणी. मित्रांना वाटली तरी त्यांचा शेवट ठरलेला आहे: कोणीतरी एक दिवस देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडतं. तिथे ती देशी कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा बळकावतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्ये थांबवली आणि जपानने जून २०२३ पासून आयात, विक्री आणि निसर्गात सोडणं यांवर बंदी घातली. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची अंडी जपली जातात, ते आपल्या समुद्रातलं कासव जगावं म्हणून. तो दाखला हौदातल्या स्लायडरला लागू होत नाही.

म्हणून अंडी घातल्याच्या दिवशीच, फार तर चोवीस तासांत, खड्डा हाताने हळू उकरून सगळी अंडी काढा. मोजा, वजन करा, दोन पिशव्यांत बंद करून तारीख घाला आणि फ्रीजरमध्ये निदान दोन दिवस ठेवा. मग झाडाखाली खोल पुरा. घाई एवढ्यासाठी की मादीच्या पोटात असेपर्यंत गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर येऊन हवा मिळाली की ती पुन्हा सुरू होते. फलित अंड्यावर एक-दोन दिवसांत खडूसारखा पांढरा ठिपका दिसू लागतो आणि पुढे त्याचा पट्टा होतो. तो दिसायच्या आधीच काम झालेलं बरं. नुसती पुरून टाकलेली किंवा कचऱ्यात फेकलेली अंडी उबू शकतात, म्हणून गोठवणं चुकवू नका. नर दूर असला तरी हे करायचंच. मादी नराचं बीज शरीरात साठवते आणि त्यावर पुढची काही वर्षंही फलित अंडी घालू शकते. नर कधी भेटलाच नाही अशी मादीही अंडी घालते, ती मात्र वांझ असतात. पाण्यात पडलेली अंडी लगेच जाळीने काढा, पाणी नासतं.

वजन उतरलं पण खड्डा सापडला नाही, तर तारीख लिहून ठेवा. अंडी साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुटतात, म्हणजे एप्रिलचा चुकलेला खड्डा जून-जुलैमध्ये. पिल्लं फुटल्यावर काही काळ मातीतच राहू शकतात आणि जोराच्या पावसात वर येतात. तीन सेंटीमीटरचं पिल्लू हौदाच्या ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर गटारात आणि तिथून नाल्यात जातं. माती ३० अंशांच्या वर तापलेली असेल तर पिल्लं माद्या निघतात, २७ च्या खाली नर. उन्हाळ्यात राहून गेलेल्या खड्ड्यातून त्यामुळे माद्याच जास्त निघण्याची शक्यता. मेअखेर सगळा वाफा आणि कुंड्यांमागची माती फूटभर खोल उलथून बघा, आणि हौदाच्या सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. मुंगूस आणि घूस तुमच्याआधी खड्डा शोधतात. सकाळी माती उसकटलेली आणि सुरकुतलेली टरफलं दिसली तर त्यांचं काम समजा.

नोंदींसाठी मोठा थाट नको. एका वहीत रोज सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान दहा मिनिटं बसून लिहा: पाण्याचं तापमान, कोण उन्हात, कोण पाण्यात, दहा मिनिटांत किती वेळा थरथर, मादीने काय प्रतिसाद दिला, खाल्लं का. खाणं टाकल्यावर लगेच निरीक्षण करू नका. त्या वेळी ती तुमच्याकडे बघत असतात, एकमेकांकडे नाही. कासवं दोनाहून जास्त असतील तर पाठीवर रंग लावू नका. पोटाच्या ढालीवरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. हंगामाआधी एकदा फोटो काढून ठेवा, ओळख पटवायला तेवढे पुरतात. कासव, माती, अंडी किंवा हौदाचं पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, कारण ही कासवं निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला हे जुलाब-तापाचे जंतू बाळगतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे ती लहान मुलांना होणाऱ्या याच लागणीमुळे. कासवाचं भांडं स्वयंपाकघरात धुऊ नका, आणि फ्रीजरमधल्या त्या दोन पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा.

हे सगळं स्लायडरसाठी आहे. तुमच्या हौदात किंवा शेजारच्या कोणाकडे पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं स्टार कासव, मऊ पाठीचं गाळात राहणारं कासव किंवा दुसरं कुठलंही देशी कासव असेल, तर ते विणीला लावायचं नाही आणि पाळायचंही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. परस्पर नदीत सोडूनही देऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्लायडर सांभाळणं कधी अशक्य झालं, तर त्यालाही पाण्यात सोडायचं नाही. सरीसृपांचं काम करणाऱ्या बचाव केंद्राशी बोला, आणि देताना मादीची वजनाची वही सोबत द्या, म्हणजे तिच्या पोटात अंडी आहेत का, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल.